चिनी वास्तुकला: भिंतीपासून नको, तुळईपासून सुरू करा

हुआंगपूकाठ:

चीनला जाणारा मराठी माणूस बहुतेक एकाच वाटेने जातो. लांबलचक भिंत, बीजिंगचा राजवाडा, शीआनचे मातीचे सैनिक, शांघायच्या नदीकाठचे रात्रीचे दिवे, की परतीचं विमान. मी कामानिमित्त शांघायला असतो आणि आलेल्या पाहुण्यांना हाच फेरा घडवतो, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. पण एवढं फिरूनही चिनी इमारत उभी कशी राहते आणि ती तशीच का दिसते, हे काही डोक्यात शिरत नाही.

राजवाड्याचंच घ्या. १४०६ ला काम निघालं, १४२० ला संपलं, आणि १४२१ मध्ये आग लागून तिन्ही मोठी दालनं खाक झाली. पुढेही ती जळत आणि उभी राहत गेली. आज ज्या मुख्य दालनासमोर आपण फोटो काढतो ते १६९५ चं आहे. म्हणजे इकडे जिंजीला वेढा पडलेला होता तेव्हाचं. जुनं आहेच, पण चिनी हिशेबात फार जुनं नाही.

खरं जुनं लाकूडकाम बघायचं तर शान्शी प्रांतात जायला हवं. तैयुआन राजधानी असलेला तो शान्शी. मातीचे सैनिक आहेत तो शेजारचा, देवनागरीत दोघांची नावं सारखीच दिसतात, तिकीट काढताना सांभाळा. चीनमधल्या नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी इमारतींपैकी बहुसंख्य या एका प्रांतात आहेत. कारण साधं आहे: कोरडी हवा, डोंगर, आणि गरिबी. राजधानीत पैसा होता, म्हणून तिथे जुनं पाडून नवं बांधत गेले. आणि लढायाही तिथेच झाल्या.

हे सगळं जगापुढे आणलं एका जोडप्याने. लियांग सिचेंग (१९०१–१९७२) आणि लिन हुईयिन (१९०४–१९५५). दोघंही अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकले. लियांग तिथे असताना, १९२५ मध्ये, वडिलांनी त्याला नुकतंच पुन्हा छापलेलं एक जुनं पुस्तक पाठवलं: 'यिंगझाओ फाशी', सुंग दरबारातल्या ली च्ये नावाच्या अधिकाऱ्याने ११०० साली पुरं केलेला आणि ११०३ मध्ये छापला गेलेला बांधकामाचा सरकारी ग्रंथ. लियांगला त्यातलं ओ की ठो कळेना. शब्दच मेलेले होते. परत आल्यावर त्याने शहाणपणाची गोष्ट केली. आधी राजवाड्यात काम केलेल्या म्हाताऱ्या सुतारांना गाठलं, त्यांच्याकडून छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळाची परिभाषा शिकला, आणि मग एकेक पायरी मागे जात सुंगपर्यंत पोचला. १९३२ मध्ये पहिली मोठी मोजणी केली ती दुले मंदिराची, ९८४ सालचं.

त्या काळात जपानी अभ्यासकांचं म्हणणं होतं की थांग काळातली (६१८–९०७) लाकडी इमारत चीनमध्ये उरलेलीच नाही, बघायची असेल तर जपानात नाराला या. लियांग-लिनना हे झोंबलं असणार. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या ६१ क्रमांकाच्या लेण्यात शान्शीतल्या वुताई पर्वतावरच्या देवळांचं एक मोठं भित्तिचित्र आहे, जवळजवळ नकाशाच. पेलिओ या फ्रेंच संशोधकाने काढलेल्या फोटोंत लियांगने त्यावर 'फोगुआंग' हे नाव वाचलं. १९३७ च्या जूनमध्ये दोघं आणि त्यांचे दोन सहकारी खेचरांवरून तिकडे निघाले. देऊळ यात्रेच्या मुख्य वाटेपासून लांब. पैसेवाला भक्त तिकडे फिरकला नाही, आणि तो फिरकला नाही म्हणून कोणी हौसेने जीर्णोद्धारही केला नाही.

देऊळ उभं होतं. लियांगची पाठ आणि पाय तरुणपणीच्या मोटारसायकल अपघातात कायमचे अधू झालेले, लिनला क्षयाने धरलेलं, आणि ही माणसं छताच्या पोकळीत शिरली. आत वटवाघळं हजारोंनी, ढेकूण, पायाखाली धुळीचा जाड थर. बरंच काम झाल्यावर लिनला खालून तुळईच्या बुडाशी पुसटशी शाई दिसली. तिची लांबची नजर चांगली. मचाण बांधलं, ओल्या फडक्याने तुळई पुसत पुसत अक्षरं वाचली. नाव निघालं निंग गोंगयू: राजधानीहून आलेली, देवळाला पैसा देणारी बाई. तेच नाव अंगणातल्या दगडी स्तंभावर, सालासकट. इसवी सन ८५७. आणि आत मूर्तींच्या ओट्याच्या कडेला एक साध्या पोषाखातली बसलेली स्त्री होती, जिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती हीच.

७ जुलैला बीजिंगजवळ जपानशी युद्ध पेटलं. यांना डोंगरात ती बातमी काही दिवसांनी कळली.

मी सुरुवात इथून करा म्हणतो ते म्हणूनच. फोगुआंगचं ते दालन एकदा नीट बघितलं की राजवाडा, शांघायचा जिनमाओ टॉवर, अगदी चायनीजच्या गाडीवरचं लाल छपरू, सगळ्यात काय खरं आणि काय नुसती नक्कल हे आपोआप दिसायला लागतं. बाकीचं प्रतिसादांत लिहितो.

सोनचाफा:

रुमाल टाकून ठेवते, रात्री सावकाश वाचेन. पण लिन हुईयिनबद्दल एक राहिलं. पेनसिल्व्हेनियात तेव्हा वास्तुशास्त्र विभागात मुलींना प्रवेशच नव्हता. तिने ललितकलेत नाव घातलं, वास्तुशास्त्राचे वर्ग केले, तिथे शिकवलंही, पण पदवी मिळाली ललितकलेची. वास्तुशास्त्राची पदवी त्या विद्यापीठाने तिला २०२४ मध्ये दिली. ती जाऊन ६९ वर्षं झाल्यावर!

आणि टागोर १९२४ ला चीनला गेले होते तेव्हा त्यांच्या वाढदिवसाला बीजिंगमध्ये त्यांचं 'चित्रा' इंग्रजीत सादर झालं, त्यात चित्रांगदा झाली होती हीच लिन. टागोरांसोबतचे तिचे फोटो अजून बघायला मिळतात.

जुना_ओव्हरसियर:

उत्तम धागा. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी काढलेला माणूस, त्यामुळे माझे प्रश्न रुक्ष आहेत.

१. ते ११०३ चं पुस्तक नेमकं कशाबद्दल? सौंदर्यशास्त्र की मोजमाप?
२. फोगुआंगच्या फोटोत वळचण भिंतीपासून भलतीच बाहेर आलेली दिसते. लोखंड नाही, मग ती तोलली कशाने?

हुआंगपूकाठ:

काका, दोन्ही प्रश्न मुद्द्याचे.

पुस्तकात सौंदर्यशास्त्र जवळजवळ नाही. आधी व्याख्या, मग कामाच्या पद्धती, मग मजुरीचे हिशेब, मग सामानाचे हिशेब, शेवटी आकृत्या. लाकडाच्या आठ प्रती ठरवून दिल्या आहेत. कोणत्या दर्जाच्या इमारतीला कोणती प्रत, हे पक्कं. मूळ तुकड्याचा छेद नेहमी उंचीला १५ आणि रुंदीला १० भाग. तीनास दोन. या भागांच्या पटीत खांब, तुळई, हात, सगळं मोजायचं. म्हणजे सुताराला इमारतीची प्रत सांगितली की जंगलातून केवढा ओंडका आणायचा ते त्याला कळतं. मजुरीत दिवसाचीही प्रतवारी आहे: उन्हाळ्यातला लांब दिवस, मधला, आणि हिवाळ्यातला आखूड. लांब दिवसाला दहा टक्के काम जास्त धरायचं, आखूड दिवसाला दहा टक्के कमी. हे सगळं कशासाठी, तर सरकारी बांधकामात पैसे खाल्ले जाऊ नयेत म्हणून.

दुसरं. खांबाच्या डोक्यावर जी लाकडी उतरंड दिसते ती 'दोगोंग'. खाली एक जाड ठोकळा, त्याला वरून फुलीसारखी खाच. त्या खाचेत दोन आडवे हात एकमेकांत काटकोनात बसवलेले. प्रत्येक हाताच्या टोकावर लहान ठोकळा, त्यावर आणखी लांब हात. अशी एकेक पायरी बाहेर सरकत जाते. फोगुआंगला त्यात तिरपे लांब दांडेही आहेत. त्यांचं एक टोक बाहेर वळचणीखाली, दुसरं आत छताच्या भाराखाली दाबलेलं. तरफच ती. वळचण खाली ओढते, छत आतून दाबून धरतं. त्या जोरावर जवळजवळ ४ मीटर छप्पर बाहेर काढलंय. हा सगळा जुडगा खांबाच्या उंचीच्या साधारण निम्मा आहे, म्हणून ती इमारत एवढी दणकट वाटते. बीजिंगच्या राजवाड्यात तेच हात आकसून, संख्येने वाढून, छपराखालची झालर होऊन बसलेत. काम तुळईच करते.

खांब दगडी बैठकीवर नुसते ठेवलेले असतात, पुरलेले नसतात. भिंतीवर भार नाही. चिनी म्हण आहे, भिंत पडली तरी घर पडत नाही.

जुना_ओव्हरसियर:

अहो, मग हा ली च्ये म्हणजे आमच्यातलाच. हे पुस्तक म्हणजे निव्वळ डी.एस.आर. आहे! जिल्हा दरसूची. प्रत्येक बाबीला माप, मजुरी, सामान, आणि उद्देशही तोच, बिल फुगू नये. आमच्याकडे दरसूची असूनही बिलं फुगायची तो भाग वेगळा. तिकडे काय होत असे ते देव जाणे.

तीनास दोनचं मात्र मनापासून आवडलं. गोल ओंडक्यातून सर्वांत बळकट आयताकृती तुळई कापायची तर उंची-रुंदीचं गुणोत्तर गणिताने १.४१ येतं. यांचं १.५. बलविज्ञान कागदावर यायच्या कितीतरी आधी सुतारांनी नुसत्या हाताने गाठलेलं आहे हे.

आगाऊ_बंड्या:

काका, तुम्ही निवृत्त होऊनही बिल तपासताय. (दिवे घ्या.)

मला हे सगळं 'ब्लॅक मिथ: वुकाँग' या गेममुळे माहीत झालं. २०२४ ला आला. त्यात खऱ्या ३६ ठिकाणांचं स्कॅनिंग करून घातलंय आणि त्यातली २७ शान्शीतली. गेम आल्यावर तिकडच्या आडगावातल्या देवळांपुढे पोराटोरांच्या रांगा लागल्या. खेळताना मी गेममधल्या नायक माकडाला सोडून छत बघत उभा राहायचो आणि मार खायचो.

अवांतर: ते माकड ज्या भिक्षूचा चेला, तो ह्युएनत्संग आपल्याकडेही येऊन गेला ना?

सोनचाफा:

अवांतर नाही रे बंड्या, विषयातच बसतंय. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता. पुलकेशीच्या राज्याचं आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाचं वर्णन त्याने केलंय: उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. डोंगरातल्या एका लेण्यांच्या विहाराचंही वर्णन आहे, ते अजिंठ्याचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ६४५ ला तो ग्रंथ घेऊन परत गेला, आणि ते ठेवायला ६५२ मध्ये आजच्या शीआनला मनोरा बांधला. मोठा वन्यहंस पॅगोडा म्हणतात तो. आज दिसतो तो पुढे पुन्हा बांधून, दुरुस्त करून उभा केलेला, सात मजली.

पॅगोडा ही चिनी वस्तू आहे असं आपल्याला वाटतं, पण मूळ आपला स्तूपच. तिकडे त्याला त्यांच्या मजली मनोऱ्याची सवय लागली आणि तो उंच झाला. हेनानमधला सोंग्युए मंदिराचा विटांचा पॅगोडा ५२३ चा आहे, बारा बाजूंचा. उभ्या असलेल्यांतला तो सर्वांत जुना. आणि उलट दिशेचा हिशेबही पुरा झालाय. लुओयांगच्या श्वेताश्व मंदिरात भारताने सांचीच्या धर्तीवर एक वास्तू बांधून दिली, २०१० मध्ये तिचं उद्घाटन आपल्या प्रतिभाताई पाटलांनी राष्ट्रपती असताना केलं.

शंकेखोर:

वाचतोय. पण गोड गोड फार झालं. चीनने स्वतःचं जेवढं पाडलं तेवढं परकीयांनीही पाडलं नसेल. बीजिंगची तटबंदी कुठे आहे? आणि 'पुरातन' म्हणून दाखवतात त्यात सिमेंट किती, हेही लिहा की. शिवाय सीमेवर काय चाललंय ते माहीत असताना हे कौतुक कशाला?

संपादक:

सीमेच्या विषयावर दुसरे धागे वाहते आहेत. इथे कृपया इमारतींवरच बोलू या.

हुआंगपूकाठ:

शंकेखोर, पाडापाडीचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यातही लियांगच मध्यभागी आहे. १९५० च्या फेब्रुवारीत त्याने आणि चेन झानशियांग या नगररचनाकाराने प्रस्ताव दिला: जुनं बीजिंग जसंच्या तसं ठेवा, नव्या सरकारच्या कचेऱ्या पश्चिमेला नवं केंद्र वसवून तिकडे न्या. तटबंदीच्या माथ्यावर लोकांसाठी बाग करा असंही त्याने सुचवलं होतं. ऐकलं नाही. कचेऱ्या शहराच्या पोटातच आल्या, मग रस्ते रुंद करणं आलं, मग वेशी आड येऊ लागल्या. योंगडिंगमेन वेस १९५७ ला पाडली. उरलेला तट १९६० च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी गेला. आज मेट्रोची २ नंबरची वर्तुळाकार मार्गिका बहुतेक त्याच तटाच्या रेषेवर धावते. शीझिमेन, दोंगझिमेन, चाओयांगमेन अशी स्टेशनं एकामागून एक येतात. सगळी वेशींची नावं, आणि वर आलं की वेस नाही, सहापदरी चौक आहे. देशेंगमेनचा बुरूज तेवढा वाचलाय, दक्षिणेची झेंगयांगमेन, आणि आग्नेयेचा कोपरा.

योंगडिंगमेन २००४ च्या सुमारास पुन्हा बांधली. का, तर शहराचा मधला अक्ष पुरा करायचा होता. तो अक्ष २०२४ च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि ती बैठक भरली होती दिल्लीत.

आणखी एक, तुमच्या यादीत घालायला. लियांग-लिन बीजिंगमध्ये ज्या वाड्यात राहिले तोही २०१२ मध्ये पाडला गेला. ओरड झाली, पण उशिरा.

सिमेंटचं म्हणाल तर वूहानचा पीत क्रौंच मनोरा. शेकडो वर्षं त्यावर कविता होत आल्या. आत्ताचा १९८५ चा, सिमेंट-काँक्रीटचा, आत लिफ्ट. मूळ जागी यांगत्से नदीवरचा पूल आला म्हणून तो तिथून सुमारे किलोमीटरभर सरकवलाय. चिनी पर्यटकांना याचं काही वाटत नाही. मला वाटतं. देवळातली कुजलेली तुळई काढून त्याच मापाची नवी बसवली तर ती परंपरा झाली, ली च्येच्या पुस्तकाचा हेतूच तो आहे. पण काँक्रीटला लाकडासारखा रंग दिला तर तो देखावा. दातोंगला शहराभोवतीचा तट नव्याने उभारला, त्यासाठी आतल्या हजारो लोकांची घरं हलवली. त्याच गावात हुआयान मंदिरात १०३८ चं खरं दालन आहे, आत भिंतीला लागून लाकडी ग्रंथकपाटं, त्या कपाटांनाही वर छोटी छोटी छपरं आणि दोगोंग. तट बघायला तोबा गर्दी, आणि कपाटांपुढे मी होतो तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

गेरू:

मी वास्तुविशारद, कोल्हापूर. हुआंगपूकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी अर्धी सहमत. जुनं आणि नकली एवढे दोनच रकाने नाहीत, तिसराही आहे, आणि आधुनिक चीनबद्दल इथे अजून कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

बीजिंगचं सीसीटीव्ही या सरकारी दूरचित्रवाणीचं मुख्यालय (२३४ मीटर, डच वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या कार्यालयाचं) सगळ्यांना माहीत असतं. बीजिंगकर त्याला 'मोठी चड्डी' म्हणतात. अशा 'विचित्र' इमारती आता पुरे असं खुद्द शी जिनपिंग २०१४ मध्ये म्हणाले, आणि २०२१ मध्ये ५०० मीटरवरच्या नव्या मनोऱ्यांना बंदी आली. म्हणजे शांघाय टॉवर (६३२ मीटर) बराच काळ चीनमधला सर्वांत उंच राहणार.

पण मला दाखवायचंय ते निंगबोचं संग्रहालय, २००८ चं. वांग शू आणि लू वेनयू या नवरा-बायकोचं काम. जिथे ते उभं आहे तिथे आजूबाजूला गावंच्या गावं पाडून नवं शहर बसवत होते. यांनी पाडलेल्या घरांच्या विटा आणि कौलं उचलली, लाखांनी, आणि त्यांचीच भिंत रचली. त्या भागात ही जुनीच पद्धत आहे: वादळात पडलेल्या घराचे तुकडे बारीक-मोठे निवडून पटकन भिंत उभी करायची. जवळून बघितलं तर एका हाताच्या अंतरात करड्या विटांच्या चार-पाच जाड्या दिसतात, मध्येच उभी लावलेली कौलं, मध्येच लालसर फरशीचा तुकडा. गवंड्यांना आराखड्यात फक्त साधारण पट्टे दिले होते, कुठला तुकडा कुठे जाईल ते हात ठरवत होता. लगतच्या भिंती बांबूच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या, बांबूची पेरं काँक्रीटवर उमटलेली. वांग शूंना २०१२ ला प्रित्झ्कर मिळालं, वास्तुकलेतलं सर्वांत मानाचं पारितोषिक. एकट्याला मिळालं, लू वेनयूंना नाही. सोनचाफाताई, तुमच्या लिनच्या ललितकलेच्या पदवीनंतर ८५ वर्षं झाली होती, तरी हेच.

२०२५ चं प्रित्झ्करही चीनला, ल्यू जियाकुन. २००८ च्या सिचुआन भूकंपातल्या ढिगाऱ्याची भुकटी, गव्हाचा भुसा आणि सिमेंट मिळून त्यांनी विटा पाडल्या. आमच्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर दगडामातीचे जुने वाडे सपाट झाले आणि ते दगड नव्या गावांत फारसे गेलेच नाहीत, तेव्हा हे वाचून मला जरा चुटपूट लागली.

शंकेखोर:

निंगबोची माहिती नवीन होती. फोटो बघितले. हे पटलं. तटबंदीवर माझं मत कायम.

चादरवाला:

सोलापूरकर हजर. डॉ. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगला आहे, तिथे एकदा जायचं घरात कधीपासून चाललंय. त्या बाजूला या विषयातलं काही आहे का? खास वाट वाकडी करायला लागली तर घरची मंडळी वैतागतील.

हुआंगपूकाठ:

भाऊ, वाट वाकडी करायची गरजच नाही. उत्तर चीनमध्ये एक जुनी लोकोक्ती आहे, चार नवलांची: त्सांगझौचा सिंह, यिंगझौचा मनोरा, झेंगडिंगचा बोधिसत्त्व, झाओझौचा पूल. त्यातली शेवटची दोन शिजियाझुआंगच्या अंगणात आहेत.

झेंगडिंग शहराला चिकटूनच, उत्तरेला. तिथलं लोंगशिंग मंदिर लियांगने १९३३ मध्ये मोजलं. बोधिसत्त्व म्हणजे ब्राँझची उभी अवलोकितेश्वराची मूर्ती, २० मीटरहून उंच, ९७१ मध्ये ओतायला घेतलेली. पण बघाच असं मी म्हणेन ते तिच्या आधी लागणारं मोनी दालन, १०५२ चं. चौकोनी इमारतीला चारही बाजूंनी देवड्या पुढे आलेल्या आणि प्रत्येकीचं त्रिकोणी तोंड समोर. अशी सुंगकाळातली इमारत चित्रांत दिसते, उभी सहसा सापडत नाही. मागच्या भिंतीवर रंगीत मातीची एक अवलोकितेश्वर आहे, एक पाय दुमडून निवांत बसलेली. घरच्यांना ती नक्की आवडेल.

पूल आग्नेयेला, झाओशियनला (म्हणजे जुन्या झाओझौला). सुई काळातला, ६०५ च्या सुमाराचा, ली चुन नावाच्या कारागिराचा. दगडाची एकच कमान, ३७ मीटर. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन छोट्या कमानी पोकळ ठेवल्यात, म्हणजे भारही कमी आणि पुराचं पाणीही त्यातून निघून जातं.

आणि कोटणीसांचा विषय निघालाच आहे तर: १९३९ नंतर ते ज्या सीमाप्रदेशात कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेसोबत जखमींवर उपचार करत होते तो वुताई पर्वताच्या परिसरातलाच. लियांग-लिन तिथून निघाल्यावर काही वर्षांतच.

जुना_ओव्हरसियर:

पुलाची आकृती शोधून काढली. मोठी कमान २८ सुट्या कमानी शेजारी शेजारी लावून केलेली आहे. म्हणजे एकाच कमानीच्या सेंटरिंगवर (खालच्या तात्पुरत्या आधारावर) पुढची पुढची बांधता येते, आणि एखादी खराब झाली तर तेवढीच दुरुस्त करता येते. हुशारी आहे. पण कडेच्या कमानी बाहेर फाकण्याची भीती. तशा त्या फाकल्याही असणार.

हुआंगपूकाठ:

फाकल्याच, काका. दगडांत लोखंडी कड्या घालूनही शेकडो वर्षांनी कडेच्या काही कमानी नदीत गेल्या. १९५० च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली, आज दिसणाऱ्या दगडांत नवे पुष्कळ आहेत.

लोकोक्तीतल्या यिंगझौच्या (आजच्या यिंगश्येनच्या) मनोऱ्याची हकीकत तुम्हाला जास्त आवडेल. १०५६ चा, ६७ मीटर उंच, अख्खा लाकडाचा. तो अजून आहे की नाही हे लियांगला बीजिंगमध्ये बसून कळेना. त्याने पत्ता लिहिला: 'यिंगश्येनमधला सर्वांत मोठा फोटो स्टुडिओ'. आणि खरंच एका स्टुडिओने मनोऱ्याचा फोटो काढून पाठवला! मोबदला काय मागितला, तर बीजिंगच्या दुकानातले कागद आणि पाकिटं. १९३३ मध्ये लियांग जाऊन मोजून आला.

आता दुखणं ऐका. वरच्या मजल्यांना बाहेरून कुडाच्या भिंती होत्या आणि त्या कुडाच्या आत तिरपे आधार दडवलेले. लियांग येऊन गेल्यावर काही वर्षांतच गावातल्या प्रतिष्ठितांनी देखणेपणासाठी त्या भिंती काढून जाळीची दारं बसवली.

जुना_ओव्हरसियर:

अरे देवा. ब्रेसिंगच काढलं की! मग झुकला असेल.

हुआंगपूकाठ:

झुकला. दुसऱ्या मजल्याचे खांब सर्वांत जास्त. त्याआधी १९२६ च्या लढाईत तोफगोळेही खाल्ले होते. भूकंप मात्र अनेक पचवले. दुरुस्ती कशी करायची यावर तज्ज्ञांचा वाद काही दशकं चालू आहे: सगळा उतरवून पुन्हा रचायचा, की वरचे मजले उचलून धरून मधला सरळ करायचा, की आहे त्या जागीच आधार द्यायचे. उतरवला तर ९५० वर्षांचं लाकूड पुन्हा तसंच बसेल याची खात्री कोण देणार? तूर्त आधार, तारा आणि सतत मोजणी. वर चढायला पर्यटकांना सोडत नाहीत, फक्त तळमजला.

गेरू:

उतरवू नये. माझं मत. वाड्यांच्या दुरुस्तीत अनुभव असा की दोनशे वर्षं भाराखाली असलेलं लाकूड मोकळं केलं की पीळ सोडतं, मग खाच आणि कुसू जुळत नाहीत. तिथे तर चोपन्न प्रकारचे दोगोंग आहेत.

जुना_ओव्हरसियर:

गेरूताई, उलट बाजूही बघा. आधार देत राहिलात तर भार आधारावर जातो आणि मूळ खांब आळशी होतात. मी असतो तर जुन्या फोटोंवरून ते कुडातले तिरपे आधार आधी परत बसवले असते, बाकी वाद नंतर. लियांगची १९३३ ची मोजमापं उपलब्ध आहेत का?

हुआंगपूकाठ:

आहेत, पण पुरी नाहीत. युद्धात त्यांच्या वास्तुसंशोधन संस्थेने मोजणीच्या वह्या आणि फोटो तिआनजिनच्या एका बँकेच्या तळघरात ठेवले आणि १९३९ च्या पुरात तळघर भरलं. बरंच गेलं. लियांग-लिन तेव्हा नैर्ऋत्येला पळालेले होते, पुढे सिचुआनमधल्या लीझुआंग खेड्यात लिन अंथरुणाला खिळलेली असताना त्यांनी उरलेल्यातून आकृत्या पुन्हा काढल्या. त्याच आकृत्या १९५७ मध्ये इंग्लंडला पाठवल्यावर बेपत्ता झाल्या आणि १९८० मध्ये सिंगापूरला सापडल्या. यिंगश्येनच्या मनोऱ्याचा उभा छेद त्यात आहे. नेटवर सहज मिळतो, काढून इथे डकवतो.

आगाऊ_बंड्या:

डकवा लवकर. काका टेप घेऊन बसलेत.